चोवीस नट

गाडीला चाकं आणि घराला जावई बघूनसवरून घ्यावेत, नंतर रडून उपयोग नसतो, असं टायरवाला मिस्त्री गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचा. गिऱ्हाईक हसायचं. मिस्त्री हसत नसे, कारण त्यातला जावई त्याच्या स्वतःच्या घरातला होता.

त्या दिवशी सकाळी अकराला तोच जावई, म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, पांढरी डिझेल पिकअप घेऊन दुकानाच्या अंगणात शिरला. शिरला म्हणजे कसा, तर हवेच्या नळीवरून गाडी घातली आणि वर हॉर्न वाजवला. शेजारच्या सीटवर ताई बसली होती. तिच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं.

"बाथरूममध्ये घसरली," दाजी उतरता उतरता म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

वर्षभरात ताई तिसऱ्यांदा घसरली होती. आधी दोनदा ती माहेरी आली होती, आणि दोन्ही वेळा मिस्त्रीनेच तिची समजूत काढून तिला परत नेऊन सोडलं होतं. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच, असं तो म्हणाला होता. भांड्याला भांडं म्हणे! भांड्याची हाडं मोडत नाहीत. हे आपल्याला तेव्हा का कळलं नाही, याची त्याला आता मनापासून लाज वाटत होती. काहीही करून ताईला त्या घरातून सोडवायचं, एवढं त्याने ठरवलं होतं. कसं, ते मात्र सुचत नव्हतं.

"चाकं बदलायची आहेत," दाजी म्हणाला. "ही कंपनीची चाकं म्हणजे हत्तीच्या पायात बाळाचे बूट. अशी दे की लोक लांबूनच बाजूला झाले पाहिजेत."

"दाजी, तुमची गाडी माल वाहते. आधी टायरवरचा वजनाचा आकडा बघा, मग रुबाब बघा. रिम फार बाहेर आलं तर बेअरिंग खाईल. टायर फार मोठा घेतलात तर वळताना मडगार्डला घासेल, आणि मीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी सत्तरला असेल."

"मेव्हण्या, शाळा घेऊ नकोस. ती कोपऱ्यातली काय आहेत?"

कोपऱ्यात चार काळी चाकं एकावर एक रचलेली होती. रुंद अलॉय रिम, जाड गट्ट्यांचे टायर. तीन दिवसांपूर्वी भंगारवाल्याने आणून टाकली होती. गाडीचा पार पापड झाला होता, मिस्त्री, पण चाकांवर ओरखडा नाही बघ, असं तो म्हणाला होता. मिस्त्रीने ती अजून तपासलीसुद्धा नव्हती.

"ती विकायची नाहीत, दाजी."

झालं! विकायची नाहीत म्हटल्यावर दाजीला तीच हवीत. त्याने जाऊन मोजलं, सहा भोकं, आणि गाडीच्या हबला, म्हणजे चाक बसतं त्या तबकडीला, बोल्टही सहाच. पायाने वरचं चाक हलवलं आणि म्हणाला, "हीच." ताई काचेतून चाकांकडे बघत होती. सकाळपासून ती पहिल्यांदाच कशाकडे तरी बघत होती.

मिस्त्रीने पहिलं चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवलं. चाकाची एक बाजू नेहमी थोडी जड असते. मशीन आकडा दाखवतं, तेवढं शिसं समोरच्या कडेला लावायचं, हा रोजचा खेळ. मशीनने दाखवलं, शून्य. दुसऱ्या चाकालाही शून्य. चारही चाकं तशीच. बावीस वर्षांत मिस्त्रीने नव्या कोऱ्या चाकाला शून्य पाहिलं नव्हतं, आणि ही तर मेलेल्या गाडीची होती. त्याने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. शून्य.

तिसऱ्या चाकाचा टायर आतून तपासायला सोडवला होता, तो परत बसवताना पैलवानाचा हात सापडला. पैलवान म्हणजे मिस्त्रीचा भागीदार, नाव पैलवान आणि अंगाची काडी. रिमची कड पुसायला त्याने बोटं घातली तेव्हा हवेची नळी अजून व्हॉल्व्हला लावलेलीच नव्हती. तरीही टायर धाडकन रिमवर बसला. पैलवानाची दोन बोटं मधल्या पेरापासून गेली. तो ओरडला नाही, नुसता आ वासून हाताकडे बघत राहिला, आणि मग खाली बसला. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने त्याला दवाखान्यात नेलं. मिस्त्री फडकं घेऊन टायर पुसायला गेला, तर टायर कोरडा होता. जमिनीवर रक्त होतं. मिस्त्रीच्या चपलेवर होतं. टायरवर एक थेंब नव्हता.

"आता चौथंही बसव," दाजी म्हणाला. "आमच्या वेळेची काही किंमत आहे की नाही?"

मिस्त्रीला तेव्हाच पाना फेकून द्यावासा वाटला होता. पण दाजी मागे फिरून गाडीच्या दाराला रेलला होता, आतल्या ताईच्या अगदी जवळ, आणि तिने आपला बरा हात मांडीखाली दडवला होता. मिस्त्रीने चौथं चाक बसवलं. चोवीस नट आवळले. मग सवयीप्रमाणे प्रत्येक नटावरून रिमवर पिवळ्या रंगाची एकेक सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला की रेघ तुटलेली दिसते.

"शंभर किलोमीटर झाले की आणा. नट परत बघावे लागतात."

दाजी चौथ्या दिवशी आला. हॉर्न नाही, काही नाही. गाडी अंगणाबाहेर थांबवून त्याने आधी पायी येऊन विचारलं, आणू का आत? दाढी वाढली होती आणि तोंडाला दारूचा नाही, उपाशी माणसाचा वास येत होता.

"काढ ती चाकं," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता काढ."

"झालं काय?"

"कुत्रं मेलं. आपलं, घरचं. मी ब्रेकवर उभा होतो रे! दोन्ही पायांनी उभा होतो." त्याने चाकांकडे पाठ फिरवली. "आणि काल शेजारचा. सायकलवर होता बिचारा, रस्त्याच्या पार कडेला. मी स्टिअरिंग उजवीकडे ओढतोय आणि ही डावीकडे जातेय. मांडीचं हाड बाहेर आलं त्याचं. मला अजून आवाज ऐकू येतो."

मिस्त्रीला त्याची दया आली नाही. आश्चर्य वाटलं एवढंच, की हाड मोडल्याचा आवाज या माणसाला ऐकू येतो.

मिस्त्रीने गाडी आत घेतली, इंजीन बंद केलं, गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला. ताई सीटवरून उतरली नव्हती. दाजी नळावर तोंड धुवायला गेला, तसा मिस्त्री खिडकीशी गेला. ताईने केस धुतले होते. तिच्या गालांवर रंग आला होता.

"चाकं काढू नकोस," ती हळूच म्हणाली.

"ताई, अगं तो शेजारी मरायला टेकलाय तिकडे."

"चार दिवस झाले, ह्यांनी हात उचलला नाही. रात्रभर खिडकीतून गाडीकडे बघत बसतात. मी झोपते. बारा वर्षांनी झोपतेय मी. ते कुत्रं ह्यांनी दोनदा माझ्या अंगावर सोडलं होतं. आणि शेजारी, आमच्या घरातून आवाज आला की रेडिओ मोठा करायचा."

हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मिस्त्री पुढच्या चाकापाशी जाऊन बसला. पिवळ्या रेघा सगळ्या तुटल्या होत्या. सहाच्या सहा नट बोटभर पुढे सरकले होते, आणि सैल नव्हे, आवळायच्या दिशेने. उरलेली तीनही चाकं त्याने फिरून पाहिली. सगळीकडे तेच. चोवीस नट कुणीतरी एकसारखे आवळले होते.

त्याने पाना लावला. नट फिरला. अगदी अलगद, लोण्यात बोट घालावं तसा. चाकं काढायला दहा मिनिटं पुरली असती.

मिस्त्री तसाच बसून राहिला. चाकं निघाली की दाजी आज रात्री पोटभर जेवेल. मग झोपेल. उद्यापर्यंत त्याची भीती जाईल, आणि भीती गेल्यावर दाजी काय करतो, ते प्लास्टर सांगत होतं.

त्याने नट परत आवळला आणि उठून उभा राहिला.

"जाम झालेत, दाजी. निघत नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदाच तो गिऱ्हाइकाशी खोटं बोलला.

"निघत नाहीत म्हणजे? लावले तूच ना?" दाजी दात-ओठ खात धावून आला. त्याने मिस्त्रीला असा ढकलला की मिस्त्री मागच्या रॅकवर आपटला आणि कपाळ फुटलं. "सरक! माझं मी बघतो."

त्याने पाना उचलला आणि पुढच्या चाकासमोर गुडघे टेकले. बाजूला नाही बसला, चाकाच्या वाटेतच, पुढच्या अंगाला बसला. नटाला पाना लावून सगळं अंग टाकलं. मघाशी लोण्यासारखा फिरलेला तो नट तसूभरही हलला नाही. दाजीने शिवी दिली. पाना उगारून तो रिमवर हाणला, एकदा, दोनदा, तीनदा.

तेव्हा गाडी हलली.

अंगण सपाट होतं. दर पावसाळ्यात पाणी साचायचं, इतकं सपाट. चाकापुढे लाकडी ठोकळा होता. चाक त्या ठोकळ्यावर सावकाश चढलं आणि ठोकळा कडकन चिरला. गिअर तसाच होता. इंजीन बंदच होतं, कुठलाच आवाज नव्हता.

दाजी मागे सरकला. त्याच्या शर्टाची बाही टायरच्या गट्ट्यांत सापडली होती.

"धर रे! अरे धर!"

मिस्त्री धावला. दाराला लटकून त्याने हँडब्रेक ओढला, तो आधीच वरपर्यंत ओढलेला होता. खालून पहिल्यांदा हाताचा आवाज आला. मग खांद्याचा. मग दाजीचं ओरडणं छातीतच दाबलं गेलं आणि तोंडातून नुसती हवा आली, व्हॉल्व्ह काढल्यावर येते तशी. चाक छातीवर चढलं आणि तिथे थांबलं.

मिस्त्रीने मोजलं नाही, पण बराच वेळ ते तिथे थांबून होतं. दाजीचे पाय हलायचे बंद झाले. मग गाडी जिथून निघाली होती तिथे मागे गेली, आणि उभी राहिली.

हाताला बँडेज बांधलेला पैलवान दुकानाच्या दारात आला होता. त्याने एकदा बघितलं आणि तो पोलिसांना आणायला रस्त्याकडे पळत सुटला.

मिस्त्रीच्या डोळ्यांत कपाळाचं रक्त उतरत होतं. ते पुसून त्याने ताईचं दार उघडलं. मनातून, खरं सांगायचं तर, त्याला सुटल्यासारखं वाटत होतं.

"चल ताई. उतर. संपलं आता सगळं. घरी चल माझ्या."

ताई उतरली नाही. तिने खाली पडलेल्या नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मान थोडी कलती करून बसली होती, कुणीतरी हळू बोलत असलं की बसतात तशी.

"ताई?"

"विचारतायत," ती म्हणाली.

"कोण विचारतंय?"

तिने नुसतं बोट खाली केलं, पायांच्याही खाली.

"काय विचारतायत?"

"आणखी कोण कोण, म्हणून."

उन्हात टायरचा वास येत होता. मिस्त्री दार धरून उभा होता. पुढचं चाक सावकाश वळलं. स्टिअरिंगला कुणीही हात लावला नव्हता.

"मग? तू काय सांगितलंस?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. ती काहीतरी आठवत होती.

"अजून काही नाही," ती म्हणाली.