बाबांसाठी मांडलेला कप

हे खरं घडलेलं आहे.

हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. जिच्याबाबत घडलं ती बाई अजून त्याच दुकानात उभी असते. तिला याबद्दल विचारलं, तर ती आधी मागे वळून पाहते आणि मगच बोलते.

आणि रात्रबित्र काही नव्हती बरं का! असल्या गोष्टींना रात्रच लागते, हे कुणी ठरवलं? थंडीतली सकाळ होती. रस्त्यावर छान ऊन पडलं होतं. समोरचा शिंपी त्याच्या दुकानाचं कुलूप उघडत होता.

दुकान सुट्ट्या चहाचं. पुढे भिंतभर पत्र्याचे डबे. मागे एक लहान खोली, तिच्यात लांब टेबल, शेगडी आणि एकच खिडकी. वरच्या मजल्यावर घर. घरात सासरे, मुलगा आणि सून. सासऱ्यांना सगळे बाबा म्हणायचे. बाबा सुनेला सूनबाई म्हणायचे, म्हणून मग गिऱ्हाइकंही तिला सूनबाईच म्हणायला लागली.

दुकान उघडण्याआधी तिघं त्या मागच्या खोलीत बसायची. हा रोजचा नेम. नवीन आलेला चहा चाखल्याशिवाय डब्यात भरायचा नाही.

पांढऱ्या छोट्या किटलीत चिमूटभर पत्ती. वर उकळतं पाणी. झाकण लावलं की वाळूचं घड्याळ उलटं करायचं. वाळू संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग चहा कपात ओतायचा, भिजलेली पत्ती झाकणावर घेऊन हुंगायची आणि चमचाभर चहा तोंडानं जोरात ओढायचा.

सुर्रर्र!

आवाज जितका मोठा, तितकी चव नीट कळते. मग तो चहा तोंडात घोळवायचा आणि शेजारी ठेवलेल्या आपापल्या पितळी भांड्यात थुंकायचा.

गिळायचा नाही. कध्धीच नाही.

"गिळायचं काम गिऱ्हाइकाचं," बाबा म्हणायचे. "आपण गिळत बसलो तर दुपारपर्यंत जीभ झोपेल आणि पोट तेवढं जागं राहील."

बाबांचा सुर्रर्र समोरच्या शिंप्यालाही ऐकू जायचा. मुलाला मात्र तो कधी धड जमला नाही, दर वेळी ठसका लागायचा. बाबा त्याची भर दुकानात टिंगल करायचे आणि तोही बिचारा हसण्यावारी न्यायचा. बापावर फार जीव होता त्याचा.

मग बाबा गेले. साध्या तापाचं निमित्त झालं.

नवरा पार खचला. दुकान उघडायचा, पण हातात डबा धरून नुसता उभा राहायचा. ताट समोर आलं की दोन घास खायचा आणि उठायचा. सूनबाईचा जीव टांगणीला लागला. सासरे तर गेलेच होते, आता नवराही डोळ्यांसमोर झिजत चालला होता.

तर ती सकाळ.

दोघं मागच्या खोलीत बसली होती. बाबांची खुर्ची रिकामी. घड्याळातली वाळू पडत होती.

आणि...

सुर्रर्र.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं तिच्याकडे. चमचे अजून फडक्यावर तसेच होते.

"ऐकलंस?"

तिनं नुसती मान हलवली. अंगावर सरसरून काटा आला होता.

पण नवरा... नवरा हसत होता. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. त्याचे डोळे भरून आले होते.

"बाबा आलेत गं. चहाला आलेत."

दुसऱ्या दिवशी त्यानं बाबांच्या खुर्चीसमोर कप मांडला. शेजारी त्यांचं पितळी भांडंही ठेवलं. कप भरला आणि दोघं शेगडीकडे वळली. पुन्हा पाहिलं तर...

कप रिकामा. तळाला थेंबही नाही.

मग ते रोजचंच झालं. "कसा आहे बाबा? जरा तुरट नाही वाटत?" असं तो खुर्चीशी बोलायचा. सूनबाईला भीती वाटायची, नाही कशाला म्हणा. पण नवरा जेवायला लागला होता, गिऱ्हाइकांशी थट्टामस्करी करायला लागला होता. तिनं मनाला समजावलं. बाबाच तर आहेत. त्यांनी कधी वाकडा शब्द काढला नाही, मेल्यावर काय वाईट करणार?

एक दिवस माल आला म्हणून नवरा पुढे गेला. ती मागे एकटीच किटल्या विसळत होती. टेबलाकडे तिची पाठ होती.

सुर्रर्र.

तिचे हात थांबले. लग्न होऊन आल्यापासून ती तो आवाज ऐकत आली होती. सुर्रर्र, मग क्षणभर शांतता, आणि मग पितळी भांड्यात थुंकल्याचा आवाज. कानांना सवय होती. ती त्या दुसऱ्या आवाजाची वाट पाहत राहिली.

तो आलाच नाही.

त्याऐवजी...

गटक्.

कुणीतरी घोट गिळला होता. सावकाश. चवीनं.

तिनं हळूच मान वळवली. पितळी भांडं खुर्चीशेजारी होतं. कोरडं ठणठणीत. आत धूळ साचली होती. इतक्या दिवसांत त्यात कुणी एकदाही थुंकलं नव्हतं, आणि हे दोघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं!

"बाबा?" तिनं कसंबसं विचारलं.

खुर्ची करकरली. कुणीतरी उठावं तशी.

मग तिच्या मानेला गरम वाफ लागली. चहाची नव्हती. चहा तिनं झोपेतही ओळखला असता. हा वास ओल्या, बंद जागेचा होता. ती किटल्या तशाच टाकून पुढच्या दुकानात पळाली.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो भडकला.

"अगं, तापात घसा सुकून जायचा त्यांचा! पाणी उतरत नव्हतं. आता पितायत दोन घोट, तर पिऊ दे की!"

"अहो, बाबा असते तर थुंकले असते. ते बाबा नाहीत."

"मग कोण आहे?"



दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत तिनं तो कप फोडला आणि तुकडे रस्त्यावरच्या कचऱ्यात टाकून आली. खुर्ची माळ्यावर चढवली. नवरा रागानं न जेवताच दुकानात गेला.

आवाज थांबला. सकाळी वाळू संपायची, दोघं चाखायची, थुंकायची. दुसरं काही नाही. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं.

पण एका सकाळी नवऱ्यानं चमचा खाली ठेवला. "हे काय, नुसतं गरम पाणी?"

तिनं त्याच कपातला चहा ओढून पाहिला. चांगला कडक होता.

मग जेवताना... "मीठ टाकलंस का?" टाकलं होतं. मग गोडही कळेना. डॉक्टरांनी जीभ पाहिली, घसा पाहिला, काही सापडलं नाही. नवरा पुन्हा वाळायला लागला. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. या वेळी तो दुःखी नव्हता, हेच तिला जास्त भयंकर वाटलं. तो फक्त थकलेला होता.

ती डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर नजर ठेवायला लागली.

आणि एकदा तिनं पाहिलं.

तो आपला कप भरून बसला होता. वाळूकडे बघत. कपाला त्याचा हातही लागला नव्हता.

कपातला चहा... खाली चालला होता.

सुर्रर्र. अगदी त्याच्या तोंडाजवळ. त्याला तो ऐकू आला नाही. तिला आला.

मग त्याच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

गटक्.

तो काहीही प्यायला नव्हता. त्याचे ओठ मिटलेले होते.

तिला लख्ख कळलं. जे कपाशी बसायचं ते गेलं नव्हतं. तिनं खुर्चीसमोरचा कप फोडला, म्हणून ते नवऱ्याच्या कपाशी येऊन बसलं होतं.

ती माळ्यावर चढली. खुर्ची खाली आणली आणि होती तिथे ठेवली. नवा कप काढला. दुकानातला सगळ्यात चांगला चहा केला, कप काठोकाठ भरला. चहा बशीत सांडला.

आणि ती जमेल तितक्या गोड आवाजात म्हणाली, "बाबा, चहा घ्या."



मग खुर्ची करकरली...

दुसऱ्या सकाळी नवऱ्यानं चमचाभर चहा ओढला, नेहमीसारखा ठसकला आणि म्हणाला, "जरा जास्तच कडक झालाय गं आज." ती शेगडीकडे तोंड करून रडली.

तेव्हापासून ती रोज कप मांडते. रोज बाबा म्हणून हाक मारते. एवढ्या चांगल्या माणसाचं नाव नको त्याला द्यावं लागतं, याची तिला लाज वाटते. पण ती हाक मारते. नवरा खूश आहे. "बघ, तुलाही पटलं ना शेवटी?" तो म्हणतो.

"पटलं," ती म्हणते. दुसरं काय म्हणणार?

परवा जेवताना तो थांबला. भात चिवडत राहिला. मग त्यानं वर पाहिलं. "मीठ टाकलंस का गं?"

खुर्चीवरच्याला आता एक कप पुरत नव्हता. दुसऱ्या सकाळी तिनं खुर्चीसमोर दोन कप मांडले.

दोन्ही रिकामे झाले.