सातवी बाजू

"तिथंच थांबा!" ती ओरडली.

तो दारातच थिजला. बेकरीतून तसाच आला होता, कोपरापर्यंत पीठ. आणि ती चिमट्यात केसाएवढी बारीक स्प्रिंग धरून बसलेली.

"घड्याळाच्या दुकानात पीठ घेऊन येतं का कुणी?"

"पीठ नाही आणलं... घड्याळ आणलंय."

त्यानं रुमाल उलगडला आणि तिचा राग कुठल्या कुठे पळाला. घड्याळाला तबकडीच नव्हती. काचेखाली सगळी चाकं उघडी, आणि तळाशी एक इवलासा पिंजरा. घड्याळ चालू असलं की तो स्वतःभोवती गिरकी घेतो. असं घड्याळ तिनं फक्त चित्रात पाहिलं होतं. शेजारच्या टेबलावरून तिचे बाबाही मान उंचावून बघू लागले. पिंजरा मात्र गप्प होता.

"आत्याचं आहे," तो म्हणाला. "बंद कसं पडलं, देव जाणे."

देवाचं माहीत नाही, तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. एका चाकाच्या दातात पिठाचा कण अडकला होता. संध्याकाळी तो आला, हात धुऊन, बाह्या नीट दुमडून. तिनं विचारलं, "भट्टीपाशी घालून मिरवलंत ना?"

तो कानापर्यंत लाल झाला. "एकदाच... आत्याला सांगू नका हं."

"बघू," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

साफ केलेलं घड्याळ लगेच देत नाहीत. उताणं, पालथं, मग चारही कडांवर उभं असं सहा बाजूंनी ठेवून बघतात, कुठे मागेपुढे होतंय का. तो रोज संध्याकाळी यायचा. "आज कुठल्या कुशीवर झोपलंय?" म्हणायचा. मग दोघं डोक्याला डोकं लावून पिंजऱ्याची गिरकी बघत राहायची. काचेवर दोघांच्या श्वासाची वाफ धरायची आणि ती घाईघाईनं काच पुसायची...

सहा बाजू संपल्या. "अजून एक बाजू राहिलीय," ती त्याला म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच.

तो गेल्यावर बाबांनी डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. "माझे केस पिकले या धंद्यात. ही सातवी बाजू कधी निघाली गं?"

"बाबा, तुम्ही आपलं काम करा."

शनिवारी तो घाईत आला. बाह्यांना पीठ तसंच. ती ओरडली नाही.

"आत्या उद्या लेकीकडे चाललीय... कायमची. घड्याळ आज न्यावं लागेल."

तिनं घड्याळ रुमालात गुंडाळलं. गाठ काही बसेना. "खरं सांगू? हे केव्हाच तयार आहे. मीच..."

"माहितीय."

"माहितीय?"

"तुमच्या बाबांनी आत्याला फोन केला होता. घेऊन जा म्हणाले." तो जमिनीकडे बघत होता. "मी आत्याला सांगितलं, अजून एक बाजू राहिलीय."

बाबांना एकाएकी चहाची आठवण झाली. ते आत गेले.

तिनं रुमाल सोडला आणि घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. "ही सातवी. हातावर कसं चालतं ते बघायचं. आत्याच्या घरापर्यंत मी बरोबर येते."

"आणि परत येताना? तेव्हा मनगट रिकामं असेल."

"असू दे की," ती म्हणाली. "तू असशील ना?"

दुकानाबाहेर पडताना तिच्या बाहीला पीठ लागलं. तिनं ते झटकलं नाही.