पांढरा पुठ्ठा

फोटो काढायला वांग्याइतकी वात्रट भाजी दुसरी नाही. टोमॅटो गरीब असतो, कोबी तर कुठूनही उजेड टाका, निमूट बसतो. वांगं मात्र एका अंगाने चकाकतं आणि दुसऱ्या अंगाने काळंठिक्कर पडतं. बियाण्यांच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं आणि फोटोग्राफर सकाळपासून त्या एका वांग्याशी झुंजत होता. खिडकीला काळा कपडा, उजवीकडे एकच दिवा, त्यापुढे बटर पेपर. दिवा वर घे, खाली घे, मागे ने. डावी बाजू काही उजळेना. डोळे चुरचुरत होते, पाठीचं पार लाकूड झालं होतं.

इतकी वर्षं ही डावी बाजू बायको सांभाळायची. पांढरा पुठ्ठा दोन्ही हातांत धरून उभी राहायची आणि दिव्याचा उजेड त्यावरून अलगद सावलीत सोडायची. नियम एकच: तो 'ठेव' म्हणेपर्यंत हात खाली करायचे नाहीत. एकदा तो फोन घ्यायला बाहेर गेला आणि बोलतच बसला. परत येऊन बघतो तर ही तशीच उभी. "अहो, ठेव म्हणा की! का खांब करून इथेच पुरताय मला?" त्या दिवशी दोघं पोट धरधरून हसले होते.

आता ती आतल्या खोलीत पडून होती. हृदय दमलंय, डॉक्टर म्हणाले होते. पाण्याचा पेलासुद्धा उचलू द्यायचा नाही. उशाशी त्याची थोरली बहीण बसलेली असायची. पुठ्ठा त्याने स्टुलावर चिमट्याने उभा केला होता, पण चिमट्याला कुठली आलीय तिची नजर!

दुपार कलली तेव्हा त्याने वैतागून आणखी एक फोटो काढला आणि स्क्रीनकडे बघून थबकला. वांग्याची डावी बाजू उजळली होती. जांभळा रंग, त्यावरचे पाण्याचे थेंब, देठाखालची मऊ सावली, सगळं हवं तसं. "चला, पावलं एकदाचं," तो पुटपुटला. देठ तेवढा फोटोत वरून कापला गेला होता. आणखी एक घ्यावा म्हणून तो पुठ्ठा सारखा करायला वळला.

पुठ्ठा स्टुलावर नव्हताच. चिमट्यातून निसटून जमिनीवर पालथा पडला होता, केव्हाचा कोण जाणे.

त्याने वाकून वांग्यात पाहिलं. चकचकीत सालीत सगळी खोली दिसते. उजवीकडे दिव्याचा चौकोन होता. डावीकडे एक पांढरी पट्टी होती आणि ती किंचित थरथरत होती. भरून आलेल्या हातांची ती थरथर त्याच्या ओळखीची होती.

"अरे, जरा आत ये." बहीण दारात उभी होती. "ही झोपेत हात वर धरतेय. खाली केले की परत वर. तिला असा ताण बरा नाही रे."

तो आत गेला. बायकोचे डोळे मिटलेले होते. दोन्ही हात हवेत, काहीतरी धरल्यासारखे.

"झालं का हो?" ती डोळे न उघडताच म्हणाली. "हात भरून आलेत."

एकच शब्द बोलायचा होता. तो त्याच्या ओठांवर आलाही. पण संध्याकाळ होत आली होती, आणि तो फार, फार दमला होता.

"एकच घेतो," तो म्हणाला. "शेवटचा."

"कोणाशी काय बोलतोयस तू? ही तर झोपलीय!" बहीण त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

बाहेर येऊन त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. असा उजेड त्याने जन्मात पाहिला नव्हता. सालीतली पट्टी आता जराही थरथरत नव्हती. फोटो पाठवून त्याने दिवा बंद केला, स्टुलावर टेकला आणि बसल्या जागी त्याचा डोळा लागला.

बहिणीच्या हाकेने तो दचकून उठला.

"गेली रे," ती रडत म्हणाली. "मला वाटलं, झोपलीय. अंग गार पडलंय. आणि हे हात... मी किती दाबले, खालीच येत नाहीत."

हात तसेच होते. वर. जरासे डावीकडे कललेले.

तो तिच्या उशाशी वाकला.

"ठेव," तो कसाबसा म्हणाला. "ठेव गं आता."

दोन्ही हात सावकाश खाली आले. पुठ्ठ्याचा कोपरा दुमडू नये म्हणून ती नेहमी जपायची, तसे.