मागच्या सीटवरचे आबाजी

ती १९३८ सालची उन्हाळ्याची सुट्टी. अमरावतीत राजापेठेतल्या घरासमोर खुशालरावांची मोटार थांबली. जानराव ड्रायव्हर उतरला, तरी मोटार मागून डावीकडे हलतच राहिली. वर-खाली, वर-खाली...

"आबाजी उतरून राहिले," खुशालरावांच्या आई, मैनाआजींनी हात जोडले.

आबाजी म्हणजे आजींचे यजमान. त्यांना जाऊन वर्ष झालं, पण मागची डावी जागा अजून त्यांचीच होती. तिथं कुणी बसत नसे. त्या चाकाखाली रोज तेलाचे थेंब पडत. आबाजी गुडघ्यांना तिळाचं तेल चोळत ना!

उद्या याच मोटारीतून खुशालरावांच्या थोरल्या लेकीला, म्हणजे धाकट्या सुभद्राच्या शकुनताईला, बाळंतपणासाठी अकोल्याहून आणायचं होतं.

"वळणावर आबाजींनी ताईले ढकललं तं?" चुलतभाऊ सहदेव कुजबुजला.

"चूप! आबाजी कोणाले ढकलतील काय?" सुभद्रा म्हणाली खरी, पण तिलाही चैन पडेना. भर दुपारी दोघं मोटारीपाशी गेली.

सुभद्रानं थेंब बोटावर घेऊन हुंगला. "हे तिळाचं नाही रे! यंत्राचं आहे!"

मग, "आबाजी, माफ करा," म्हणत तिनं डावा कोपरा दाबून सोडला. मोटार डोलू लागली. थांबेचना!

"पळ, सुभे!"

"थांब ना, भित्र्या! आता उजवा दाब."

उजवा कोपरा एकदा वर आला अन् गप्प बसला.

आवाजानं मोठी माणसं धावली. "पोट्टेहो, हात काहून लावला?" जानराव ओरडला. "मी रोज चाकाखाली लिंबू ठेवून राहिलो ना!"

"लिंबू ठेवलं, पण वाकून पाहिलं का?" सुभद्रानं विचारलं.

खुशालरावांनी स्वतः कोपरा दाबला आणि लगेच मिस्त्रीला बोलावलं. त्यानं चाकामागं डोकं घातलं. "झटके जिरवणाऱ्या शॉकअॅब्सॉर्बरचं तेल पार गळून गेलं, मालक. उद्या वळणावर मोटार उलटलीच असती!"

"शाबास पोरांनो! शकुनला तुम्ही वाचवलं!" खुशालरावांनी दोघांच्या पाठी थोपटल्या.

संध्याकाळी नवा भाग बसला. मोटार फेरी मारून आली, थांबली, आणि हललीच नाही.

"गेले," मैनाआजी एवढंच म्हणाल्या.

सुभद्रानं डावं दार उघडलं. "आजी, आता तू बस तिथं."

शकुनताई सुखरूप आली, तिला मुलगी झाली. सहदेव पुढं मोटारी दुरुस्त करू लागला. जानराव शेवटपर्यंत लिंबू ठेवी, पण आधी चारही कोपरे दाबी. मैनाआजी होत्या तोवर त्या जागेवर त्याच बसत.

मोटार विकली त्या दिवशी सुभद्रानं डावा कोपरा दाबून पाहिला. तो एकदा वर आला आणि थांबला. तरी ती बराच वेळ तिथंच उभी होती.