इंदूला विचारावं

श्रीपती लवटे यांनी गळ्याला पट्टा बांधला, संगणक सुरू केला आणि ‘वाचा’ नावाच्या प्रोग्रामवर दोनदा टिचकी मारली. खिडकी उघडली. हिरवी रेघ हलली. श्रीपतींनी मनात आकडे मोजले. सात म्हणायच्या आत खिडकी आपोआप मिटली. मंगळवारपासून हेच चाललं होतं आणि आज शुक्रवार होता. चार दिवस त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडला नव्हता.

तसा त्यांचा स्वतःचा आवाज जाऊन पाच वर्षं झाली होती. तंबाखूने घशात गाठ झाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. मग वर्षभराने हा पट्टा आला. आवाज नसला तरी माणूस बोलायला जातो तेव्हा गळ्याचे स्नायू थरथरतात. पट्टा ती थरथर टिपायचा, टेबलावरचा संगणक तिचे शब्द करायचा आणि स्पीकर ते बोलून दाखवायचा. इचलकरंजीत आता पन्नासेक घरांत असे पट्टे होते. लोकांना त्याचं नवल उरलं नव्हतं.

श्रीपतींचं वेगळं एवढंच होतं, की स्पीकर काय बोलतो ते त्यांना ऐकू येत नसे. चाळीस वर्षं यंत्रमागांवर जॉबर म्हणून, माग दुरुस्त करत, काढल्यावर कान शाबूत राहत नाहीत. मागाच्या खडखडाटात कोणी कोणाचं ऐकत नाही, सगळे ओठ बघून समजून घेतात. समोरचा काय म्हणतो ते श्रीपतींना ओठांवरून कळायचं. स्पीकरला ओठ नव्हते. स्क्रीनवर शब्द उमटायचे, पण प्रोग्राम सुरू करून झाला की तो पाहुण्यांच्या खुर्चीकडे वळवायचा, ही त्यांच्या बायकोची, इंदूची, रीत होती. बोलणारे तुम्ही, वाचायचं त्यांनी, असं ती म्हणाली होती आणि त्यांना ते पटलं होतं.

इंदूशी बोलायला त्यांना पट्टा लागत नव्हता. तीही मागावरचीच. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांचे ओठ बघून ती उत्तर द्यायची. तिला जाऊन एक महिना अकरा दिवस झाले होते. आता त्यांचे ओठ वाचणारं घरात कोणी नव्हतं.

दुपारी नसीम मुजावर आली. प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीकडून घरोघरी जाऊन दुरुस्ती करणारी, तिशीची, जयसिंगपूरची. खुर्ची ओढून ती त्यांच्या समोर बसली आणि तोंड त्यांच्याकडे करून सावकाश बोलली. तिला सवय होती.

“काका, काही नवीन टाकलंय का यात? काही काढलंय?”

श्रीपतींनी पाटीवर लिहिलं, ‘नाही.’

“सगळे पहिल्यांदा नाहीच म्हणतात,” नसीम म्हणाली. “माझे अब्बा पण म्हणतात. मग बघावं तर फोनमधलं निम्मं गायब.”

तिने प्रोग्राम उघडला, मिटू दिला, परत उघडला. मग श्रीपतींनी कधी न पाहिलेली नुसत्या अक्षरांची एक फाईल उघडली.

“ही मांडणीची फाईल. प्रोग्रामनं कसं वागायचं ते यात लिहिलेलं असतं. साध्या मराठीत लिहिलं तरी त्याला कळतं. सुरू होताना तो आधी ही वाचतो. यात काहीतरी अडतंय, म्हणून मिटतोय.” तिने श्रीपतींचं नाव शोधायला टाकलं. काही सापडलं नाही. तिने आडनाव टाकलं, तेही नाही. “कमाल आहे. पट्टा तुमचा, आणि फाईलमध्ये तुम्हीच नाही. ही कोणी लिहिली?”

‘मंडळींनी,’ श्रीपतींनी लिहिलं.

नसीमने फाईल थोडी वाचली आणि हसली. “आहात हो. जागोजागी आहात. काकूंनी तुम्हाला ‘हे’ म्हटलंय. नाव घ्यायच्या नाहीत वाटतं?”

श्रीपतींनी मान हलवली. इंदूने नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यात, तेवढंच.

नसीम खाली खाली जात राहिली. तिचं हसू हळूहळू गेलं. शेवटच्या ओळीवर ती थांबली. मग तिने दुसरी एक यादी उघडली आणि वळली.

“काका, सोमवारी या कुटुंबाच्या यादीतून काकूंचं नाव कोणी काढलं?”

ते श्रीपतींनीच काढलं होतं. सोमवारी ते रेशन कार्डावरचं नाव कमी करायला गेले होते. तिथला कारकून म्हणाला होता, आजोबा, एका ठिकाणी कमी केलं की सगळीकडून करून टाका, नंतर भानगड नको. घरी येऊन त्यांनी गॅसच्या कार्डाचा अर्ज भरला आणि संगणकातही नाव दिसलं म्हणून तेही काढलं. कोणाची मदत न घेता जमलं, याचं त्यांना त्या दिवशी जरा बरंही वाटलं होतं. हे सगळं त्यांनी पाटीवर लिहिलं. दोनदा पुसून लिहावं लागलं.

“तेच,” नसीम म्हणाली. “फाईलमधली शेवटची ओळ काकूंकडे बोट दाखवते. यादीत काकू नाहीत. कोणाकडे जायचं ते प्रोग्रामला कळत नाही, म्हणून तो मिटतो.”

श्रीपतींना हे समजलं. ताण्यातला एक धागा तुटला की माग उभा राहतो. त्यात मागाचा दोष नसतो. धागा सापडला की गाठ मारायची. पण शेवटच्या ओळीत इंदूचं काय काम, हे त्यांना समजलं नाही. त्यांनी स्क्रीन आपल्याकडे वळवायला खुणावलं. नसीमचा हात क्षणभर अडखळला.

“मी सरळ सांगू का? ही फाईल काढून टाकू. प्रोग्राम स्वतः नवी कोरी बनवतो. दोन-तीन महिने शिकवावं लागेल, पण चालू होईल. जुनं वाचून काय करायचंय?”

श्रीपतींनी स्वतःच स्क्रीन वळवला.

दोनशे चौदा ओळी होत्या. पहिल्या तीसेक सरळ होत्या, कुठल्या थरथरीचा कुठला शब्द, एवढंच. मग पुढे होतं:

‘डॉक्टरांना हे दुखत नाही म्हणतील. दुखतं म्हणावं.’

‘चहाला नावं ठेवली तर काहीच म्हणू नये.’

‘सुनंदाचा फोन असला आणि हे ठीक आहे म्हणाले तर, तुझी आठवण येते म्हणावं.’

सुनंदा त्यांची मुलगी, नाशिकला असते. पूर्वी महिन्यातून एकदा, ओठ दिसावेत म्हणून व्हिडिओवर, फोन करायची. चार वर्षांपासून रोज करू लागली होती. वय झालं की मुलींना माया येते, अशी श्रीपतींची समजूत होती.

‘धोंडीभावजी आले आणि हे चालता हो म्हणाले तर, उभा का, बस, म्हणावं.’

श्रीपतींनी ही ओळ तीनदा वाचली.

धोंडीराम त्यांचा धाकटा भाऊ; तो मागावर कधी राबला नव्हता, त्यामुळे ओठ वाचणं त्याला येत नसे. श्रीपती दवाखान्यात पडले असताना त्याने दोघांच्या सामाईक शेडमधले चारही माग भंगारात घातले होते. विचारलं नाही. शेड बंदच होती हे खरं, पण विचारलं नाही. पट्टा आल्यापासून दर शुक्रवारी तो चारच्या सुमाराला यायचा. श्रीपती दर वेळी त्याला चालता हो म्हणायचे आणि तो खुर्चीवर बसायचा. एवढी बोलणी खाऊनही हा निर्लज्ज हसतो कसा, हे कोडं त्यांना चार वर्षं सुटलं नव्हतं. आणखी एक कोडं होतं. इंदूच्या तेराव्याला आलेले लोक हात धरून म्हणत होते, अण्णा, तुमच्या बोलण्यात किती गोडवा. दुःखात माणसं काहीही बोलतात, असं समजून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

शेवटची ओळ अशी होती: ‘यातलं काही नसलं आणि बोलणं कडू असलं तर, इंदूला विचारावं. इंदू सांगेपर्यंत थांबावं.’

“कडू बोलणं आलं की त्यांच्या फोनवर प्रश्न जात असणार,” नसीम म्हणाली. “त्या आतून बटण दाबत असणार. असंच म्हण, नाहीतर बदल. काका, हे बरोबर नाही. दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायला आमच्या कंपनीची मनाई आहे. मला वर कळवावं लागेल.”

श्रीपतींनी तिच्या ओठांवरून नजर काढली. त्यांना राग यायला हवा होता. आलाही. पण राग धरायचा तर माणूस समोर लागतं. आणि राग बोलून दाखवायचा तर हाच प्रोग्राम लागणार होता. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘मग इतकी वर्षं बोलत कोण होतं?’

नसीमने वाचलं आणि घड्याळाकडे बघितलं.

चार वाजायला आले होते. दारात चपला काढून धोंडीराम आत आला. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा होत्या.

“काय अण्णा, पोरगी कोण? आं? मशीन बिघडलंय व्हय? तरी म्हटलं, मागच्या शुक्रवारी चांगलं बोललास आणि आता चार दिवस फोन लावला तर नुसती पाटी. पाटीवरचं फोनवर वाचता येत न्हाई, तुला कुणी सांगावं.”

तो हसला. नसीम हसली नाही.

“काका,” ती धोंडीरामला म्हणाली, पण तोंड श्रीपतींना दिसेल असं ठेवून, “आल्यावर हे तुम्हाला काय म्हणायचे?”

“अण्णा? बस म्हणायचा. दर खेपेला तेच. उभा का, बस.” धोंडीरामने पिशवी खाली ठेवली. “माग विकल्यावर पहिल्यांदा आलो तेव्हा वाटलं होतं, जोडा मारणार. दारातून परत फिरायचं ठरवूनच आलो होतो. आणि हा म्हणतो, बस. बाहेर जाऊन रडलो मी त्या दिवशी. वहिनींना इचार.” मग त्याच्या लक्षात आलं, वहिनी नाहीत. त्याने मान खाली घातली. पुढचे ओठ श्रीपतींना दिसले नाहीत.

नसीम हलकेच त्यांच्याकडे वळली. आता ती फक्त ओठ हलवून बोलत होती, धोंडीरामला ऐकू जाऊ नये म्हणून. “फाईल काढू? काढली तर जे गळ्यात येईल ते बाहेर पडेल. ठेवली तर शेवटच्या ओळीत कोणाचं तरी नाव घालावं लागेल. मुलीचं घालू?”

श्रीपतींनी धोंडीरामकडे बघितलं. तो तसाच उभा होता. आज त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्याशिवाय बसायची त्याची रीत नव्हती, हे श्रीपतींच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं.

त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘फाईल राहू दे. मला विचारू दे. दर वेळी.’

नसीमने शेवटच्या ओळीतून ‘इंदूला’ काढून ‘यांना’ आणि ‘इंदू’ काढून ‘हे’ घातलं आणि कडू-गोड न बघता प्रत्येक वाक्याला विचारावं, असं लिहिलं. प्रोग्राम उघडला. हिरवी रेघ हलली. श्रीपतींनी आकडे मोजले. सात झाले, दहा झाले, वीस झाले. खिडकी मिटली नाही.

धोंडीरामने वर बघितलं. श्रीपती त्याच्याकडे तोंड करून बोलले. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. चार वर्षांची सवय होती आणि चार दिवसांचं साचलेलं होतं. त्यात आजचंही मिसळलं होतं. ओठ हलले, पट्ट्याखाली गळा थरथरला.

स्क्रीनवर अक्षरं उमटली: ‘उभा का, बस.’ आणि खाली: ‘असंच म्हणू का?’

श्रीपती त्या अक्षरांकडे बघत राहिले. आत्ता आपल्या ओठांनी नक्की कुठले शब्द केले, ते त्यांना आठवेना. चालता हो म्हणताना जीभ जिथे लागते तिथे ती लागली होती का? त्यांनी तोंडातल्या तोंडात दोन्ही करून बघितलं. दोन्ही ओळखीचं वाटलं.

घाईघाईने त्यांनी पाटी ओढली आणि नसीमपुढे धरली. ‘हे मी म्हणालो की तिनं?’

नसीमने स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं. तिथे एक लहान खूण होती. टिचकी मारली की कळलं असतं, मधे इंदूची कुठली ओळ आली की नाही.

“बघून सांगते,” ती म्हणाली. बोट खुणेवर नेऊन ती थांबली. “सांगू का?”

खाली प्रोग्रामचा प्रश्न तसाच उघडमीट करत होता, असंच म्हणू का? धोंडीराम खुर्चीची पाठ धरून उभा होता. यातल्या कुठल्या प्रश्नाला आधी उत्तर द्यायचं?