घरमान

मैथिली नेर्लेकरांच्या घरी सून म्हणून आली आणि दुसऱ्याच महिन्यात आजारी निघाली. तिला स्वतःला काही होत नव्हतं. रोज सकाळी ती रंकाळ्याला फेरी मारून यायची आणि आल्यावर दोन भाकऱ्या हाणायची. पण तिच्या कानातली कुडी बोलली, "ताई बोलतेय. प्रवाह घरमानापेक्षा फार कमी. डॉक्टरांना दाखवावं." आणि घरातल्या सगळ्या बायकांच्या कुड्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

त्या काळी टॅम्पॉनच्या कापसात केसाहून बारीक असा एक जाणता धागा विणलेला असे. रक्त किती जातंय, टॅम्पॉन आत ठेवून किती वेळ झाला, आणि विष सोडणारे जंतू तिथे वाढू लागलेत का, हे तो धागा मोजायचा आणि कुडीतून सांगायचा. सरकारी समितीने त्याला 'आर्तवसंवेदक' असं नाव दिलं होतं. ते समितीपुरतंच राहिलं. बायका त्याला ताई म्हणत, कारण तो ताईसारखाच मागे लागायचा. हात धुतलेस का? सोयीचं म्हणून मोठं माप नको, भागेल तेवढं लहानच घे. आठ तासांच्या पुढे एकही मिनिट नाही. ताप, उलटी, अंगावर लाल पुरळ, यातलं काही दिसलं तर आधी टॅम्पॉन काढ आणि सरळ दवाखाना गाठ. भर लग्नात, अक्षता हातात असताना एखादीचे कान लाल झाले, की ताई बोलतेय हे मांडवातल्या सगळ्या बायका ओळखत.

सुरुवातीला ताई पुस्तकातल्या आकड्यांवर चालायची आणि निम्म्या राज्याला धोक्याचा इशारा द्यायची. बायका वैतागल्या, त्यांनी कुड्या काढून ठेवल्या. म्हणून कंपनीने घरमान आणलं. घरातल्या बायकांचं मोजून त्यातून त्या घराचं नेहमीचं प्रमाण काढायचं आणि त्यापेक्षा वेगळं काही झालं, तरच बोलायचं. इशारे थांबले. ताई शहाणी झाली, असं सगळ्यांचं मत पडलं.

सासूबाई इंदुमती कामाला लागल्या. आधी अळिवाचे लाडू, मग खारीक-खोबरं, मग पायांचा रस्सा. त्या, त्यांच्या दोन मुली शर्मिष्ठा आणि रेणुका, आणि कायमची राहायला आलेली मुलींची मावशी, अशा चौघींचं घरमान एकदम भरभक्कम होतं. "आमच्या मोहित्यांचं रक्तच दांडगं," इंदुमती माहेरच्या अभिमानाने सांगत. लाडवांनी फरक पडेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "तब्येत सुधारेपर्यंत राहू दे माहेरी."

मैथिली थोरल्या नणंदेला म्हणाली, "वन्सं, गेले तर परत यायची नाही."

शर्मिष्ठाला भावाचा संसार वाचवायचा होता. तिने सुट्टी टाकली आणि वहिनीला घेऊन थेट कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. घरमानाचं गणित ज्यांनी बांधलं, त्या डॉ. तरन्नुम अत्तार तिथे चहात खारी बुडवत बसल्या होत्या.

"मॅडम, तुमची ताई बिघडलीय नाहीतर आमची वहिनी," शर्मिष्ठा म्हणाली. "काय ते बघून सांगा."

डॉक्टरांनी पडद्यावर आकडे बघितले. खारी चहात विरघळली तरी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"वहिनी ठणठणीत आहेत. तुम्ही किती वेळाने बदलता?"

"पहिले तीन दिवस तासाला. वर पॅड. चारचौघींसारखंच."

"कुठल्या चारचौघी?"

"आई, मावशी, रेणुका..."

"गाठी पडतात? सातच्या पुढे दिवस जातात?"

"नऊ. आमच्याकडे तसंच असतं."

"गाडीत बसताना?"

"सीटवर टॉवेल टाकतो की. मोहित्यांची रीत आहे ती. साड्याही आम्ही गडदच नेसतो. आम्हाला गडद रंग खुलतात."

बोलता बोलता शर्मिष्ठा थांबली. मैथिली फिकट पिस्ता रंगाची साडी नेसून बसली होती, आणि खाली टॉवेल नव्हता.

"रक्त गोठवणारं एक प्रथिन असतं," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "काही घराण्यांत ते जन्मतःच कमी असतं. आईकडून मुलीकडे येऊ शकतं. तपासणी करू, औषधं आहेत. चूक माझी झाली. विषाचा इशारा मी घरावर सोडला नाही, तो सगळ्यांना सारखाच ठेवला. रक्त किती जावं, हे मात्र घरावर सोडलं. आजारी घराला मी निरोगी कोण ते ठरवायला बसवलं."

तपासण्या झाल्या. चौघींचंही प्रथिन कमी निघालं, आणि रक्त तर पार तळाला गेलेलं.

"म्हणजे जिना चढताना धाप लागायची ती..." इंदुमती म्हणाल्या.

"रक्त नव्हतं अंगात, आई," शर्मिष्ठा म्हणाली.

"मी तर म्हणायची, आपला स्वभावच आळशी." मग त्यांनी उरलेले लाडू स्वतःच खायला घेतले.

औषधं लागू पडली. सहा महिन्यांनी मावशीला घर सांभाळायला ठेवून बाकीच्या चौघी फेरतपासणीला गेल्या त्या हसत-खिदळत. इंदुमती तर जिना न थांबता चढल्या आणि वर जाऊन लिफ्टने येणाऱ्यांची वाट बघत उभ्या राहिल्या. घरमान आता बंद झालं होतं. डॉ. अत्तारांनी सगळ्यांना खारी खिलवली.

"बाई, एक विचारू?" इंदुमती म्हणाल्या. "असं आणखी कशाकशाचं घरमान निघतं हो?"

"का? काय मोजायचंय?"

"आमच्या ह्यांचं ओरडणं. मीठ कमी पडलं, चप्पल सापडली नाही, की ताट भिरकावतात. तसं काही नाही, नेहमीचंच आहे."

डॉक्टर हसल्या, पण त्या एकट्याच.

"आमच्या माहेरी कुणी ओरडत नाही," मैथिली हळूच म्हणाली.



"मग कळतं कसं," शर्मिष्ठाने विचारलं, आणि ती मनापासून विचारत होती, "बाबा घरी आलेत ते?"