पिल्लाचा आवाज

हसा लेको, हसा. तोही असाच हसायचा. आमच्या गल्लीतलाच तो, रोजच्या उठण्याबसण्यातला. शहर संपतं तिथे समुद्राकडे पाठ करून उभा असलेला तो राखीव जंगलाचा डोंगर. तिथे तो पाहुण्यांना पक्षी दाखवायचा.

मागच्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. मुलीला खोकला, म्हणून त्यानं औषधाची बाटली घेतली, खिशात टाकली आणि घुबड बघायला आलेल्या चौघांना घेऊन अंधार पडता पडता वर निघाला.

घुबड हमखास दिसायचं. कारण यानं ढोलीतलं पिल्लू काढून, त्याला चिमटे घेऊन घेऊन, त्याचं रडणं मोबाईलवर भरून ठेवलं होतं. ते स्पीकरवर लावलं की आई असेल तिथून झेपावत यायची.

फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "अरे, ते पिल्लू मेलं. मुंग्या लागल्यात त्याला. आता तरी तिला बोलावू नकोस."

"येते ना अजून? मग काका, तुमच्या पोटात का दुखतंय!"

आली बिचारी. फोटो निघाले, पाहुणे गाडीत बसून गेले. झाडाला टांगलेला स्पीकर काढायला हा एकटा मागे फिरला.

तेवढ्यात वरच्या कड्यावरून खोकला ऐकू आला. लहान पोराचा.

"बाबा..."

त्यानं घाईघाईनं घरी फोन लावला. "पोरगी कुठेय?"

"कुठे असणार? माझ्या कुशीत झोपलीय. औषध घेतलंत ना?"

पुन्हा खोकला. मग रडणं. बायकोनं फोनवर ऐकलं.

"अहो... तिथे कोण रडतंय?"

त्यानं कड्याकडे पाहिलं.

युक्ती त्याचीच. त्याला कळली नसेल? सगळं कळत होतं. तरी पाय... पाय निघाले.

"अहो, ती इथे आहे! इथे!"

"हो गं... पण रडतेय ना ती..."

मग नुसता वारा.

सकाळी कड्याच्या टोकाशी बाटली सापडली. न उघडलेली. तो नाहीच.

आठवड्यानं, रात्री, पोर किंचाळून उठली. दाराला आतून कडी. खिडक्या बंद.

"आई, बाबा आले होते. म्हणाले, मोठ्यानं रड..."

"स्वप्न पडलं असेल, बाळा." आईनं दिवा लावला. बाही वर केली.

दंडावर चिमट्याचा वळ होता. ताजा. निळा पडत चाललेला...